हिरव्या दिवशी विटकरी

आमच्या दुबईतल्या मराठी मंडळात मला कपड्यांवरून ओळखतात. गुढीपाडवा असो, दिवाळी पहाट असो, एखादी वहिनी आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसते आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "बघा, शिका जरा यांच्याकडून." नवरा बिचारा माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघतो. मी मान लववून हसतो. माझी बायको मात्र त्या वेळी दुसरीकडे बघत असते. ज्या शर्टाचं एवढं कौतुक चाललंय त्याचा रंग कुठला, हे मला विचारलं तर माझी तारांबळ उडेल, हे त्या हॉलमध्ये फक्त तिला ठाऊक असतं.

मला रंग कळत नाहीत. सगळेच कळत नाहीत असं नाही. निळा कळतो, पिवळा कळतो, काळ्या-पांढऱ्याचं तर काही अडतच नाही. पण लाल, हिरवा आणि तपकिरी यांची माझ्या डोळ्यांत कायमची सरमिसळ झालेली आहे. जांभळा मला निळा दिसतो आणि फिका गुलाबी करडा. लोकांना वाटतं मला जग जुन्या सिनेमासारखं दिसत असणार. तसं काही नाही हो. मला जग चांगलं रंगीत दिसतं, फक्त तुमचं आणि माझं एकमत होत नाही.

हे मी कुणाला सांगत नसे, त्याला कारण होतं. कॉलेजात एका मित्राला सांगून बघितलं होतं. पाच मिनिटांत सगळा कट्टा माझ्याभोवती. कुणी पेन पुढे करतंय, कुणी मोजा ओढून दाखवतंय, "हा कुठला? बरं, हा कुठला?" जगात कुठेही जा, रंगांध माणूस सापडला की लोक हा खेळ खेळतातच. लंगड्या माणसाला कुणी "जरा पळून दाखव" म्हणत नाही. माझ्या बाबतीत सगळ्यांना हौस.

त्यानंतर पुण्यातली पहिली मुलाखत. मी माझा उत्तम करडा शर्ट इस्त्री करून घालून गेलो होतो. समोरच्या तिघांतले एकजण म्हणाले, "गुलाबी रंगाची आवड दिसते." मी मागे वळून बघितलं, कुणाला विचारतायत म्हणून. ते तिघे हसले आणि मला जे समजायचं ते समजलं. घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी दुसरी मिळेल. पण हे बाहेर बोलू नकोस, लोक नावं ठेवतात." त्या काळी लाज वाटायची गोष्ट म्हणजे लाजच वाटायची, त्यावर चर्चा करायची पद्धत नव्हती.

मग मी ठरवलं की रंगानं दगा दिला तरी बाकीच्यानं देता कामा नये. खांद्याची शिवण खांद्यावरच पडली पाहिजे, बाही मनगटाच्या हाडाशी थांबली पाहिजे, पँट बुटावर एकदाच मोडली पाहिजे. कापड मी डोळ्यांनी निवडत नाही, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून निवडतो. इस्त्री स्वतःची स्वतः करतो, कारण इथल्या लॉन्ड्रीवाल्यांना एका बाहीवर दोन घड्या पाडायची भारी हौस. पंचवीस वर्षं इथल्या ऑफिसात लोक माझ्याकडे बघून टायची गाठ शिकले. रंगाकडे कुणाचं लक्ष जात नाही, बाकीचं सगळं जागच्या जागी असेल तर.

रंगांचं खातं बायकोकडे. तिला लग्नाआधी काही माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. बघायला गेलो तेव्हा ती हिरवी साडी नेसली होती म्हणे. लग्नानंतर वर्षभर मी "तुझी ती बघण्यातली चॉकलेटी साडी" म्हणत होतो. शेवटी एकदा ती साडीच घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "हा कुठला रंग आहे?" मी म्हटलं, "चॉकलेटी." ती कितीतरी वेळ हसली. नंतर उठून सुईदोरा घेऊन आली. माझ्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरमागे, आतून, तिनं पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी घातल्या. एक गाठ म्हणजे निळा, दोन म्हणजे हिरवा, तीन म्हणजे लाल किंवा त्याच्या भावकीतला कुठलाही. पँटला कमरेच्या पट्टीत. तेव्हापासून मी कपाटात हात घालतो आणि गाठी चाचपून कपडे काढतो. लाइट गेले तरी माझं काही अडणार नाही, आता दुबईत लाइट जात नाहीत ही गोष्ट वेगळी.

मुलगी बोलायला लागली आणि घरात दुसरी परीक्षक आली. सात वर्षांची असताना मला सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट ब्लू. दॅट्स पर्पल." तिच्या आईनं तिला बाजूला घेऊन समजावलं. पोर शहाणी. तिनं बाहेर कधी अवाक्षर काढलं नाही. आता ती अबुधाबीला एका बँकेत आहे, आठवडाभर तिकडेच राहते. रोज सकाळी मी लिफ्टच्या आरशात माझा फोटो काढून तिला पाठवतो. तिचं उत्तर येतं, "गो," नाहीतर "चेंज द टाय." मग मी निघतो, नाहीतर उलट वर जातो.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुलीनं लग्न ठरवलं.

मुलगा उत्तम. मराठीच, मूळचे रत्नागिरीकडचे, शारजाला राहणारे. मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर. दोघांनी एकमेकांना स्वतःच पसंत केलं होतं, आम्हाला फक्त हो म्हणायचं होतं, आणि नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. मुलाचे वडील कॅप्टन, आता बंदरावर किनाऱ्याची नोकरी करतात. दांडगा माणूस, आवाज तसाच. त्यांचे वडील गावाकडे तांडेल होते, म्हणजे माल वाहणाऱ्या गलबताचे नाखवा म्हणा. मुलाची आई फारसं बोलली नाही. तिनं भरभरून वाढलं आणि नवऱ्याला बोलू दिलं.

"आमच्याकडे तीन पिढ्या दर्या आहे," कॅप्टन म्हणाले. "चौथीही जाणार, बघा तुम्ही." असं म्हणून त्यांनी माझ्या मुलीकडे इतक्या कौतुकानं बघितलं की ती लाजली. मग त्यांनी आम्हाला बाल्कनीत नेलं. खाली खाडी होती. मुलगा चार वर्षांचा असताना याच बाल्कनीत त्याला पहिला धडा दिला, असं ते सांगू लागले. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. "रात्री समोरचं जहाज दिसत नाही हो, नुसता दिवा दिसतो. लाल की हिरवा, तेवढ्यावर सगळं. तिथे चुकलात की खलास."

माझ्या हातात चहा होता आणि बिस्किट चहात होतं. ते तुटून कपात पडलं.

घरी आल्यावर मी मोबाइलवर वाचत बसलो. बरंचसं ठाऊक होतं, पण आता दुसऱ्या नजरेनं वाचलं. माझं हे जे काही आहे ते माझ्या मुलीत दिसत नाही. ते तिच्यातून गुपचूप पुढे जातं आणि तिच्या मुलग्यांत उतरतं. म्हणजे तिला मुलगा झाला तर निम्मी शक्यता, की त्याचे डोळे माझ्यासारखे. आणि असे डोळे असले की जहाजावर अधिकारी होता येत नाही, मेडिकललाच परत पाठवतात. कॅप्टनसाहेबांची चौथी पिढी माझ्या डोळ्यांपाशी येऊन अडणार होती.

मी बायकोला म्हटलं, "त्यांना सांगायला हवं."

ती म्हणाली, "विचारलं तर सांगू. विचारत नाहीत तोवर आपण कशाला? लग्न ठरताना कुणी चष्म्याचा नंबर सांगतं का? आणि मुलगाच होईल कशावरून? झाला तरी तो बोटीवरच जाईल कशावरून? उद्या तो म्हणेल मला शेफ व्हायचंय."

तिचं काही चुकीचं नव्हतं. तरी मला झोप लागेना. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "ही नोज, बाबा. आय टोल्ड हिम लाँग बॅक. ही डझंट केअर."

"आणि त्याचे आईवडील?"

"दॅट्स युअर डिपार्टमेंट. यू गाइज टॉक."

घ्या. म्हणजे जे बोलायचं ते मीच. आणि बोललो तर काय होईल याची मला धास्ती होती. एकुलती एक मुलगी, तिनं मनापासून निवडलेलं घर, आणि ते माझ्या डोळ्यांपायी हातचं जाणार. मुलगा भला असला तरी बाप दर्याला देव मानणारा, आणि बापापुढे मुलाचं किती चालतं ते आपल्याकडे काही सांगायला नको. बरं, लपवलं तर? लपवलं तर सतरा-अठरा वर्षांनी एक पोरगा मेडिकलमधून तोंड पाडून घरी येणार, मग शोध सुरू होणार की हे आलं कुठून, आणि माझ्या मुलीला त्या घरात मान खाली घालावी लागणार. आयुष्यभर मी घातली तशी. दोन्हीकडून माझी अडचण. शेवटी ठरवलं की बोलणी होतील त्या दिवशी तोंड उघडायचं. बायको म्हणाली, "तुमची मर्जी. पण तारीख ठरल्यावर बोला, आधी नको."

बोलणी ठरली ती नेमकी नवरात्रात.

नवरात्राचे रंग हे माझ्या आयुष्यातलं दरवर्षीचं संकट. रोजचा एक ठरलेला रंग, त्या रंगाचे कपडे घालून बायका ऑफिसला जाणार, घोळक्यानं फोटो काढणार. हे वेड मुंबई-पुण्यातून निघालं आणि आखातात पोचलं. आमच्या रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगीसुद्धा आता मला विचारते, "सर, टुडे व्हॉट कलर?" घ्या, विचारलं तेही कुणाला. पुरुषही त्यात ओढले जातात. नऊ दिवस बायको माझे कपडे आदल्या रात्री काढून ठेवते आणि मी ते मुकाट्यानं घालतो.

मुलाच्या आईचा ग्रुपवर मेसेज आला. बोलण्यांच्या दिवशी रंग हिरवा, दुपारी बिल्डिंगच्या हॉलमध्ये भोंडला, संध्याकाळी घरची मंडळी बसू, सगळ्यांनी हिरव्यात यावं, छान फोटो काढू. खाली हात जोडल्याची चित्रं. बायको लगेच माझ्यासाठी मेहंदी रंगाचा कुर्ता घेऊन आली. मेहंदी म्हणजे हिरवाच, तिनं मला समजावलं, पण दबका. कॉलरमागे दोन गाठी घातल्या.

त्या दिवशी ती आणि मुलगी भोंडल्यासाठी दुपारीच शारजाला गेल्या. मी ऑफिसातून परस्पर जायचं ठरलं. चारला ऑफिसच्या बाथरूममध्ये कुर्ता चढवला, गाठी चाचपल्या, दोन. लिफ्टच्या आरशात फोटो काढून पाठवला. लगेच "गो" आलं, बरोबर एक बदामही आला. मनात म्हटलं, चला, अर्धी लढाई जिंकली.

आणि मग मला करक चहाची हुक्की आली. अल क्वोजमध्ये वर्कशॉपांच्या रांगेत माझी एक ठरलेली टपरी आहे. गाडीतच बसायचं, हॉर्न वाजवायचा, चहा खिडकीशी येतो. मनात सारखी एकच वाक्यरचना चालली होती, कॅप्टनसाहेब, तारीख पक्की करण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. की तारीख पक्की केल्यावर? त्या विचारात कपाचं झाकण नीट न लावता मी कप उचलला. छातीवर, थेट मधोमध. दूध घालून आटवलेला चहा, तो काय पुसून जातो? टिश्यूनं घासला तर डाग आणखी पसरला.

चहा सांडलेल्या कपड्यात मी व्याह्यांच्या दारात उभा राहणार नव्हतो. काही झालं तरी नाही. गाडी करामाकडे वळवली. तिथे भारतीय कपड्यांची दुकानं आहेत. एका दुकानात शिरलो तर नवरात्राची ही गर्दी. कुर्त्यांच्या रॅकपाशी गेलो आणि अंगातल्या कुर्त्याची बाही एकेका कुर्त्याला लावून बघू लागलो. चौथा की पाचवा तंतोतंत जुळला. उजेडात नेऊन बघितला, सावलीत नेऊन बघितला, हुबेहूब तोच रंग. कापडही सुरेख, खांदा बेतलेला. दुकानदार म्हणाला, "सर, ये कलर बहुत चल रहा है."

एवढंच विचारायचं होतं, "भाईसाब, ये कौनसा कलर है?" पाच शब्द. पण काउंटरपाशी दोन-तीन बायका मराठीत बोलत होत्या. त्यांच्यादेखत विचारायला माझी जीभ रेटेना. चांगले नीटनेटके कपडे घालणारा, केस पिकलेला गृहस्थ असा प्रश्न विचारतो म्हणजे काय. मी कार्ड पुढे केलं.

ट्रायल रूममधून फोटो पाठवला. मेसेज वाचल्याच्या खुणा निळ्या होईनात, आणि निळा मला दिसतो. तिकडे भोंडला चालू होता, मुलीचा फोन पर्समध्ये असणार. बायकोला फोन केला, तोही वाजून थांबला. शारजाच्या रस्त्याला लागलो तर ट्रॅफिक मुंगीच्या चालीनं. उशीर झाला तर तेही वाईट दिसणार. म्हटलं, जुळवून घेतलाय आपण, एवढी काय भीती.

दार मुलाच्या आईनं उघडलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कुर्त्याकडे, आणि मग हसून "या या" म्हणाली. आत कॅप्टन, मुलगा, माझी बायको आणि मुलगी बसली होती. पाहुण्या बायका गेल्या होत्या. माझी बायको मला बघून अर्धी उठली आणि परत बसली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काहीतरी फसलं आहे. काय ते मला अर्थातच दिसत नव्हतं. मला सगळेच मेहंदीत दिसत होते, मीही त्यांच्यातलाच.

"अहो, आज हिरवा ना?" मुलाची आई थट्टेनं म्हणाली. "मी मेसेज केला होता. तुम्ही तर विटकरी घालून आलात."

विटकरी. म्हणजे विटेसारखा तांबडा. हिरव्याच्या बरोबर उलट.

बायकोनं लगेच सावरलं. "ऑफिसातून थेट आले हो. सकाळी घाईत मिळेल तो उचलला असणार. यांचं हे असंच." एवढं बोलून तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. मला फक्त हसून "हो ना" म्हणायचं होतं. सगळे हसले असते, चहा आला असता, तारीख ठरली असती.

मुलगी माझ्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी, आता बाबा काय म्हणतात ते ऐकून आपण तेच म्हणायचं अशा तयारीनं. मला त्या क्षणी फार कंटाळा आला. गाठींचा, फोटोंचा, आईच्या बरोबरीनं माझ्या पोरीनंही माझ्यासाठी थापा मारायच्या याचा.

मी म्हटलं, "घाईत नाही उचलला. दुकानात उभं राहून जुळवून घेतलाय. मला हा हिरवाच दिसतो."

बायकोनं पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मी कॅप्टनांकडे बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. जन्मापासून आहे, औषध नाही, मुलीला स्वतःला काही नाही, पण तिच्या मुलग्यात निम्मी शक्यता. "तुमची चौथी पिढी म्हणालात तेव्हापासून मला हे सांगायचं होतं. तारीख काढण्याआधी तुम्हाला माहीत हवं. पुढे तुम्ही ठरवाल तसं."

कॅप्टनांनी मला "हा कुठला रंग" म्हणून काही दाखवलं नाही. एवढंच विचारलं, "लाल-हिरवा?"

"हो."

"माझ्या बॅचचा एकजण असाच परत गेला होता," ते म्हणाले. "मेडिकलला. हुशार मुलगा होता."

मुलगा म्हणाला, "पप्पा, आय न्यू. तिनं मला सांगितलं होतं. मला काही प्रॉब्लेम नाही."

"तुला माहीत होतं. मला नव्हतं," कॅप्टन म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण आनंदही नव्हता. "खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मी मनात बरंच काही धरून बसलो होतो." ते उठले आणि बाल्कनीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या मुलीनं मान खाली घातली. ज्या गोष्टीची धास्ती होती ती नेमकी माझ्या डोळ्यांसमोर घडत होती. वाटलं, बायकोचं ऐकायला हवं होतं.

मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातला ट्रे तिनं टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी तिची माफी वगैरे मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "निम्मीच शक्यता का?"

मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे नक्की नाही सांगता येत?"

"नाही हो. निम्मी."

"मग मी देवीला सांगते," ती म्हणाली. तिनं कोपऱ्यातल्या घटाकडे बघून खरंच हात जोडले. "नातू दे, आणि डोळे या आजोबांचे दे. अगदी असेच दे."

मला वाटलं ती माझी समजूत घालतेय. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि पहिल्या भेटीत फारसं न बोललेली ती बाई आता थांबेना. "सासरे दर्यावर, नवरा दर्यावर. हा झाला तेव्हा मी टॅक्सी करून एकटी हॉस्पिटलात गेले. यांनी मुलाला बघितलं तेव्हा तो बसायला लागला होता. सासूबाई गेल्या तेव्हा हे कुठल्या समुद्रात होते ते मला ऑफिसला फोन करून विचारावं लागलं. आता मुलगाही दर्यावरच. वारा वाढला की मी बातम्या लावून बसते. हिच्याही नशिबी तेच येणार म्हणून मला हिच्याकडे बघवत नव्हतं हो. नातू तरी घरी राहू दे. संध्याकाळी जेवायला घरी येणारा एक पुरुष या घरात होऊ दे."

कॅप्टन बाल्कनीच्या दारात येऊन उभे राहिले होते. "हे तू मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही घरी कधी होतात?"

ती हे भांडून म्हणाली नाही, अगदी साधं म्हणाली. कॅप्टन आत आले आणि तिच्या शेजारी सोफ्यावर बसले. मुलानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. माझी बायको पदरानं डोळे टिपत होती. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मला उभं राहून खोलीत दोन फेऱ्या माराव्याशा वाटल्या. छप्पन्न वर्षं या डोळ्यांची मी लाज धरली, वडिलांनी धरली, बायकोनं गाठी घालून ती झाकली. ते कुणी देवीपाशी हात जोडून मागून घेईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

थोड्या वेळानं कॅप्टनांनी घसा खाकरला. "डिसेंबरातली तारीख धरू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मुलाची सुट्टी तेव्हाच आहे." मग आपल्या बायकोकडे वळले. "जास्त सुट्टी मागायला सांगू त्याला?"

ती म्हणाली, "सांगा."